पर्सनल लोनमध्ये जास्तीचे पैसे भरायच्या आधी एवढी तयारी करा

दिवाळीचा बोनस आला, भिशी लागली की पहिला विचार येतो की लोनमध्ये टाकू आणि एकदाचं मोकळं होऊ. विचार बरोबरच आहे, पण घाई करू नका, मी केली होती. नेटबँकिंगवरून सरळ लोन खात्यात ४० हजार टाकले आणि निश्चिंत झाले, तीन महिन्यांनी स्टेटमेंट काढलं तर मुद्दल आपलं नेहमीच्याच गतीने उतरतंय, माझे पैसे अॅडव्हान्स म्हणून बाजूला पडलेले आणि त्यातूनच पुढचे हप्ते कापले जातायत. शाखेत गेले तर म्हणाले मॅडम, तुम्ही पार्ट पेमेंटची, म्हणजे जास्तीची रक्कम थेट मुद्दलात वळती करायची, रिक्वेस्टच दिली नव्हती. व्याज एक रुपया वाचलं नाही. तेव्हा खूप वाईट वाटलं, म्हणून हे सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी घरातला पैसा बघा. तीन-चार महिन्यांचा घरखर्च आणि तेवढेच हप्ते हाताशी राहतील इतकी रक्कम बाजूला काढा, जूनमधली शाळेची फी वगैरे धरून, आणि उरेल तेवढंच लोनकडे. नाहीतर उद्या दवाखाना निघाला की परत क्रेडिट कार्ड घासावं लागतं, आणि कार्डाची थकबाकी आधीच असेल तर पर्सनल लोनला हात न लावता आधी ती संपवा, तिथे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज लागतं.

मग कपाटातून लोनची फाइल काढा. सँक्शन लेटर (लोन मंजूर झाल्याचं पत्र), अॅग्रीमेंट, आणि लोन १ ऑक्टोबर २०२४ नंतरचं असेल तर त्यासोबत की फॅक्ट स्टेटमेंट (लोनच्या मुख्य अटी आणि खर्चांचा थोडक्यात तक्ता) मिळालेलं असतं ते. त्यात चार गोष्टी शोधायच्या: रेट फिक्स्ड (शेवटपर्यंत तोच) की फ्लोटिंग (बाजाराप्रमाणे बदलणारा), किती हप्ते झाल्याशिवाय पार्ट पेमेंट घेत नाहीत (बऱ्याच ठिकाणी १२), वर्षात कितीदा आणि किती टक्क्यांपर्यंत घेतात, आणि चार्ज किती. चार्जवर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, म्हणजे ४ टक्के लिहिलेत तर खरे ४.७२ धरा. फ्लोटिंग रेटचं, धंद्यासाठी न घेतलेलं वैयक्तिक कर्ज असेल तर बँकेला असा चार्ज लावता येत नाही, हा नियम २०१४ पासूनचा आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा रिन्यू होणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने नवे निर्देशही काढलेत. पण आपली पर्सनल लोन बहुतेक फिक्स्ड असतात, त्यामुळे कागद वाचल्याशिवाय इलाज नाही.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा ५ लाख, १४ टक्के, ५ वर्षं, हप्ता ११,६३४. पहिल्या हप्त्यातले ५,८३३ व्याजात जातात आणि मुद्दलात फक्त ५,८०१. वर्षभर भरून जवळपास १ लाख ४० हजार गेले तरी मुद्दल उतरतं ७४ हजार, बाकी राहतात ४ लाख २५ हजार ७००च्या आसपास. मी हे स्वतःच्या शेड्यूलवर, म्हणजे बँकेच्या हप्त्यांच्या तक्त्यावर, पहिल्यांदा बघितलं, व्याजाच्या कॉलमवर बोट ठेवून एकेक ओळ खाली येत गेले, तेव्हा कळलं की पैसे लवकर भरण्याला एवढं महत्त्व का. या टप्प्यावर १ लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तेवढाच ठेवला तर उरलेले ४८ हप्ते ३५ वर येतात, शेवटचा तर हजार-अकराशेचाच, आणि व्याज साधारण ६१,७०० वाचतं. ४ टक्क्यांनी चार्ज आणि जीएसटी मिळून ४,७२० गेले तरी ५७ हजार तुमचेच. तेच मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून घेतला तर व्याज वाचतं ३१ हजारांच्या आसपास. म्हणून हप्ता झेपत असेल तर मुदतच कमी करून घ्या, आणि अर्जात हे स्पष्ट लिहा की रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. तोंडी सांगून येऊ नका, ईमेल करा किंवा अर्जाच्या कॉपीवर शिक्का-तारीख घ्या.

तारीख पण बघा. हप्ता ५ तारखेला कापला जात असेल तर तो गेल्यावर दोन-तीन दिवसांत भरा. पूर्ण लोन बंद करत असाल तर फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला एकूण किती भरायचे ते सांगणारं बँकेचं पत्र) मागवा, त्यातली रक्कम ठराविक तारखेपर्यंतच चालते, आणि हप्त्याच्या तोंडावर भरलंत तर ऑटो डेबिट आधीच बँकेकडे गेलेलं असतं आणि तोही हप्ता कापला जातो, मग रिफंडसाठी फेऱ्या. पैसे लेटरमध्ये दिलेल्या खात्यावरच पाठवा, कुणी एजंट फोनवर नंबर देत असेल तर अजिबात नाही. यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, जपून ठेवा.

भरल्यावर आठवड्याभरात नवीन शेड्यूल मागा आणि बाकी मुद्दल खरंच उतरलंय का ते बघा, माझी चूक इथेच पकडली गेली असती. लोन पूर्ण संपलं असेल तर नो ड्यूज सर्टिफिकेट (काही बाकी नसल्याचा दाखला) घ्या, ऑटो डेबिट रद्द झालंय याची खात्री करा, आणि लोनसोबत विमा गळ्यात मारला असेल तर उरलेल्या मुदतीचे काही पैसे परत मिळतात का तेही विचारा, आपण विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढा, सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. लोन अजून चालूच दिसत असेल तर लगेच लेखी तक्रार टाका, कारण ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे, आणि ते ३० दिवस तुमच्या तक्रारीच्या तारखेपासूनच मोजतात.