आरटीओएसवर टास्कची आखणी: कोड लिहिण्याआधी करायचा हिशेब

फ्रीआरटीओएस, झेफर किंवा व्हीएक्सवर्क्स यांपैकी कोणतीही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम (आरटीओएस, म्हणजे ठरलेल्या वेळेत काम व्हावे लागणाऱ्या उपकरणांसाठीची प्रणाली) निवडली, तरी कालमर्यादा पाळली जाईल याची हमी तिच्याकडून आपोआप मिळत नाही. तयार असलेल्या टास्कपैकी (प्रोग्रामच्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या भागांपैकी) सर्वांत वरच्या अग्रक्रमाच्या टास्कला प्रोसेसर देणे, एवढेच तिचे शेड्युलर करते. हमीची जबाबदारी आखणी करणाऱ्यावर असते आणि ती कागदावर आधीच तपासता येते.

प्रथम प्रत्येक टास्कसाठी तीन गोष्टी लिहाव्यात: ते किती काळाने पुन्हा चालते, किती वेळात संपले पाहिजे आणि त्याला जास्तीत जास्त किती वेळ लागतो. यांतील तिसरी गोष्ट मिळवणे सर्वांत कठीण असते. टास्कच्या आरंभी प्रोसेसरच्या एखाद्या पिनचे व्होल्टेज उंचावून शेवटी खाली आणावे आणि त्यामधला काळ ऑसिलोस्कोपवर मोजावा. मात्र मोजताना कोडमधला सर्वांत लांबचा मार्ग मुद्दाम चालवावा, कारण सरासरीचा येथे काहीही उपयोग नाही.

त्यानंतर अग्रक्रम ठरवावा. ज्याचा आवर्तनकाळ (दोन फेऱ्यांमधला काळ) लहान त्याचा अग्रक्रम वरचा, हा नियम लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ साली मांडला. कालमर्यादा आवर्तनकाळापेक्षा कमी असेल, तर कालमर्यादेनुसार क्रम लावावा. ‘महत्त्वाच्या’ टास्कला वरचे स्थान देण्याचा मोह मात्र टाळावा, कारण महत्त्व आणि निकड या वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रीआरटीओएसमध्ये मोठा आकडा म्हणजे वरचा अग्रक्रम, तर झेफरमध्ये याच्या उलट असते, हेही आकडे भरताना लक्षात ठेवावे.

आता हिशेब पाहू. पहिले टास्क दर ५ मिलिसेकंदांनी १ मिलिसेकंद, दुसरे दर १० ला ३ आणि तिसरे दर ४० ला १२ मिलिसेकंद चालते, आणि प्रत्येकाची कालमर्यादा आवर्तनकाळाएवढीच आहे असे धरू. प्रोसेसरचा एकूण वापर ८० टक्के होतो. तीन टास्कसाठी लिऊ-लेलँड यांची सुरक्षित मर्यादा सुमारे ७८ टक्के आहे, म्हणजे आपण तिच्या बाहेर आहोत. पण मर्यादा ओलांडली म्हणून आखणी फसली असे ठरत नाही, कारण ती कसोटी पुरेशी असली तरी आवश्यक नाही. अशा वेळी प्रतिसादकाळ, म्हणजे टास्क तयार झाल्यापासून संपेपर्यंत लागणारा जास्तीत जास्त काळ, काढावा. तिसऱ्या टास्कचे स्वतःचे १२ मिलिसेकंद. तेवढ्या काळात पहिले टास्क ३ वेळा आणि दुसरे २ वेळा मध्ये येते, म्हणून बेरीज २१ होते. २१ मिलिसेकंदांत पहिले ५ आणि दुसरे ३ वेळा येते, म्हणून २६. मग याच रीतीने २७, आणि पुन्हा २७. उत्तर स्थिरावले की थांबावे. २७ हे ४० पेक्षा कमी असल्याने ही आखणी चालते.

यात एक गोष्ट अजून धरलेली नाही: सामायिक साधनासाठी थांबावे लागणे. तिसऱ्या टास्कने म्यूटेक्स (सामायिक साधन एका वेळी एकालाच वापरू देणारे कुलूप) २ मिलिसेकंद धरून ठेवला आणि पहिल्याला तोच हवा असेल, तर पहिल्याचा प्रतिसादकाळ ३ आणि दुसऱ्याचा ७ मिलिसेकंद होतो, आणि दोन्ही मर्यादेत बसतात. परंतु हे आकडे अग्रक्रमाचा वारसा (म्यूटेक्स धरलेल्या टास्कला त्यासाठी थांबलेल्या टास्कचा वरचा अग्रक्रम तात्पुरता मिळणे) चालू असेल तरच खरे ठरतात. तो नसेल, तर म्यूटेक्स धरलेल्या तिसऱ्याला दुसरे टास्क बाजूला सारते आणि पहिले टास्क विनाकारण ताटकळते. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानामध्ये नेमके हेच घडून त्याचा संगणक वारंवार रिसेट होत होता, आणि पृथ्वीवरून त्या म्यूटेक्सचा वारसा चालू करून ते थांबवण्यात आले. म्हणून फ्रीआरटीओएसमध्ये परस्पर-वर्जनासाठी (एका वेळी एकच टास्क साधन वापरेल यासाठी) बायनरी सेमाफोर हा म्यूटेक्ससारखाच दिसणारा प्रकार वापरू नये. वारसा म्यूटेक्सलाच मिळतो.

आवर्ती टास्कमध्ये ‘इतका वेळ थांब’ असे सांगण्याऐवजी ‘अमुक क्षणापर्यंत थांब’ असे सांगणारे फंक्शन वापरावे, नाहीतर प्रत्येक फेरीत थोडा उशीर साचत जातो. इंटरप्टमध्ये (बाहेरची घटना घडताच चालू काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) केवळ नोंद घ्यावी आणि काम टास्ककडे सोपवावे.

काम एकमेकांना जोडलेल्या अनेक नोडवर (स्वतंत्र प्रोसेसरांवर) विभागलेले असेल, तर पाठवणाऱ्या टास्कचा प्रतिसादकाळ, बसवरचा (त्यांना जोडणाऱ्या सामायिक तारांवरचा) काळ आणि घेणाऱ्या टास्कचा प्रतिसादकाळ यांची बेरीज करावी. वाहनांत आणि यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या कॅन बसवर लहान आयडीचा (ओळख-आकड्याचा) संदेश आधी जातो, पण सुरू झालेली फ्रेम (एका संदेशाचा बिटसंच) मध्येच थांबवता येत नाही. ११ बिटांचा आयडी आणि ८ बाइट माहिती असलेली फ्रेम भरीच्या (सलग सारखे बिट आल्यावर मध्ये घातल्या जाणाऱ्या) बिटांसह जास्तीत जास्त १३५ बिटांची होते. ५०० किलोबिट वेगावर ती २७० मायक्रोसेकंद बस अडवते, आणि सर्वांत वरच्या संदेशाच्या हिशेबातही एवढा काळ धरावाच लागतो. घेणारे टास्क ठरावीक काळाने संदेश आला का ते पाहत असेल, तर त्याचा एक पूर्ण आवर्तनकाळ बेरजेत आणखी मिळवावा; तो परवडत नसेल, तर संदेश येताच इंटरप्टमधून त्या टास्कला जागे करावे.