सलाईन लावता येतं म्हणून सगळंच देऊ नका: एएनएम सिस्टरांनो, या चुका टाळा

दोन वर्षांचा एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) कोर्स करून मुलगी खासगी नर्सिंग होममध्ये लागते आणि काही महिन्यांत तान्ह्या बाळालाही इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची सलाईनची बारीक नळी) लावायला शिकते. मग हळूहळू सगळंच तिच्या अंगावर येतं. बाटलीत औषध मिसळायचं, इंजेक्शन पुश करायचं, रात्री फोनवर ऑर्डर घ्यायची. हात चांगला बसलाय म्हटल्यावर हे काम तिचं, जीएनएम (जनरल नर्सिंगचा वरचा कोर्स केलेल्या) स्टाफचं की डॉक्टरांचं, हे कुणी विचारत नाही.

मॅगसल्फ शिरेतून देणं

गरोदर बाईला झटके आले की घाई होते, आणि मॅगसल्फ, म्हणजे झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट, शिरेतून दिलं तर लवकर लागू पडेल असं वाटतं. पण एसबीए (कुशल प्रसूती सहाय्यक) प्रशिक्षण घेतलेल्या एएनएमला परवानगी आहे ती स्नायूतल्या पहिल्या डोसची: ५० टक्क्यांचं मॅगसल्फ, दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्रॅम, आणि लगेच रिफर. २ मिलीच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम असतं, म्हणजे एका बाजूला पाच अँप्युल. शिरेतून भरभर गेलं तर श्वास मंदावतो, आणि त्या वेळी गावच्या आरोग्य उपकेंद्रात तुमच्याशिवाय कुणी नसतं.

गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचंही असंच. बाळ बाहेर आल्यावर स्नायूत १० युनिट देणं हे तुमचं काम. कळा वाढाव्यात म्हणून प्रसूतीआधी सलाईनमध्ये टाकणं तुमचं नाही, सासूबाई कितीही मागे लागल्या तरी. गर्भाशय फाटलं तर तिथे ऑपरेशन कोण करणार?

लटकत्या बाटलीत केसीएल

मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते. केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांचं मोजमाप) पोटॅशियम असतं. ते थेट शिरेत कधीच पुश करायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण उलट्या टांगलेल्या, चालू बाटलीत खालून सुई टोचून औषध सोडलं तर ते जड असल्यामुळे तोंडाशीच साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत एकदम शिरेत उतरतं. म्हणजे न करता पुश झालाच, आणि हृदय बंद पडायला तेवढं पुरतं. मिसळायचंच असेल तर सेट बंद करा, बाटली खाली काढा, औषध घालून चांगली उलटीपालटी करा आणि किती घातलं ते पट्टीवर लिहा. मुळात हे काम एएनएमनं एकटीनं करू नये. लेखी ऑर्डर, किती वेगानं द्यायचं त्याचा आकडा आणि अँप्युल बघायला दुसरी सिस्टर, यातलं एक जरी नसेल तर थांबा.

फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवा, वेळेसह केस पेपरवर लिहा आणि डॉक्टर आले की आधी सही घ्या. ‘हळू सोडा’ ही ऑर्डर होत नाही. ५०० मिली आठ तासांत द्यायचं असेल तर मिलीला २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला साधारण २१ थेंब बसतात. मायक्रोड्रिप सेट असेल तर हिशेब बदलतो, कारण त्यात मिलीला ६० थेंब असतात.

सलाईन थांबलं की जोरात फ्लश

आधी क्लॅम्प, मुडपलेली नळी आणि पेशंटचा वाकवलेला कोपर बघा. निम्म्या वेळा तिथेच सुटतं. जागा सुजली असेल, गार लागत असेल किंवा दुखत असेल तर इंट्राकॅथ काढा. अडकलेल्या नळीत जोर लावून सिरिंज दाबू नका.

शेजारीपाजारी ‘ताकदीचं सलाईन’ लावून मागतात, तेही टाळा. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीत जेमतेम २५ ग्रॅम साखर असते. डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय घरात लावलेल्या त्या बाटलीची जबाबदारी पूर्ण तुमची.

कुणी काय करायचं याची रेषा फक्त आपल्याकडेच आखलेली असते असं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आपल्या एएनएमच्या जवळपास जाणाऱ्या व्होकेशनल नर्सला शिरेतून सलाईन लावता येतं, रक्तही चढवता येतं, पण त्यासाठी वेगळा कोर्स आणि संस्थेची लेखी पद्धत लागते. आणि एवढं असूनही शिरेतून औषध पुश करणं सर्वसाधारणपणे तिच्या कक्षेबाहेर आहे. टेक्सासमध्ये पीआयसीसी लाइन (दंडातल्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत जाणारी लांब नळी) घालणं आणि काढणं, दोन्ही तिला मना आहे.

आपल्याकडच्या नर्सिंग होममध्ये असा कागद सहसा नसतो, म्हणून तो मागा. कुठली औषधं तुम्ही द्यायची, कुठली डॉक्टर वॉर्डात असतानाच द्यायची, कुठल्यांना हात लावायचा नाही. नोकरीवर रुजू होतानाच हे लिहून घ्या आणि एक प्रत घरी ठेवा.