नक्षीदार जुनी काच ओळखायची कशी? सही सगळ्यांत शेवटी बघा

चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या काचेची कुठलीही वस्तू उचला आणि ‘कुठली?’ म्हणून विचारा. उत्तर बहुधा ‘बेल्जियम’ असंच येईल. हंडी बेल्जियम, आरसा बेल्जियम, झुंबराचा सुटा लोलकही बेल्जियम. त्या उत्तरावर विसंबून चालत नाही. आजोबांच्या कपाटातून निघालेल्या फुलदाणीबद्दल तर विचारायलाही कोणी नसतं. तेव्हा शोध आपणच घ्यायचा. त्यात क्रम महत्त्वाचा: आधी नक्षी, मग तळ, मग काच आणि नाव सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण आधी सही शोधतात आणि तिथेच फसतात.

धुवा, पण जपून

घमेल्यात जुना टॉवेल अंथरा, कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्या. सोनेरी काठ किंवा रंगकाम असेल तर फक्त ओलसर फडकं फिरवा. भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणी अजिबात नको. तळाला कागदी लेबलाचा तुकडा चिकटलेला असेल तर त्याला पाणी लावू नका, कारण कधी कधी तो तुकडा सहीपेक्षाही मोलाचा असतो. आतला धुरकटपणा नक्षीचा भाग नसून बऱ्याचदा पाण्यातल्या क्षाराचा थर असतो.

नक्षी कशाने केली?

खरा वेळ इथे घालवा. दहापट दाखवणारं भिंग आणि मोबाइलचा टॉर्च पुरे. भांड्यात काळा कागद गुंडाळून ठेवा आणि उजेड बाजूने, तिरका टाका, म्हणजे रेषा उठून दिसतात.

चाकावर धरून कोरलेल्या नक्षीत बारीक फटकारे दिसतात, सगळे एका दिशेने ओढलेले. पाकळीच्या मध्ये खोली जास्त, टोकाला कमी. कारागिराचा हात त्यात कळतो, आणि दोन फुलं कधीच तंतोतंत सारखी नसतात.

हायड्रोफ्लोरिक आम्लाने खाल्लेली नक्षी वेगळी. जो भाग राखायचा त्यावर मेण किंवा तत्सम लेप देतात, उरलेली काच आम्ल खातं. त्यामुळे खोली सर्वत्र जवळपास सारखी, स्पर्श रेशमी, कडा किंचित मऊ. पातळ पेल्यांवर एकच रेघ न तुटता वेटोळी घेत गोल फिरलेली दिसली, तर ती बहुधा यंत्राच्या सुईने मेणावर ओढून मग आम्लात बुडवलेली. असे पेले ढिगाने निघत, म्हणून ते जुने असले तरी दुर्मीळ असतीलच असं नाही.

वाळूच्या माऱ्याने केलेली नक्षी भिंगाखाली पिठीसाखरेसारखी दाणेदार दिसते आणि तिच्या कडा कापल्यासारख्या सरळ असतात. या तंत्राचं पेटंट अमेरिकेत १८७० साली टिल्घमन यांनी घेतलं, म्हणजे अशी वस्तू त्याआधीची असण्याची शक्यता जवळपास नाही. आजच्या फ्लॅटच्या दारांवरची दुधी नक्षीही बहुतांशी याच पद्धतीची.

काही वेळा नक्षी कोरलेली नसतेच. साच्यात दाबून उठवलेल्या नक्षीच्या कडा गोलसर असतात आणि भांड्याच्या अंगावर साच्याची सांधरेघ सापडते. दुधीपणा नुसता फवारलेला असेल तर तोही ओळखता येतो: ओलं बोट फिरवलं की खरी खरखरीत काच क्षणभर पारदर्शक होते, फवारलेला रंग फारसा बदलत नाही.

दोन-तीन रंगांचे थर एकावर एक देऊन वरचा थर आम्लाने खाऊन नक्षी उठावात आणली असेल, तर तो कॅमिओ प्रकार. फ्रान्समधल्या नान्सी गावचे काचकार गाले आणि दोम यासाठी नावाजलेले. नक्कलही यांचीच सर्वांत जास्त होते.

तळ उलटा करा

वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या वस्तूच्या तळाला, फक्त टेकणाऱ्या कडेवर, वेड्यावाकड्या बारीक ओरखड्यांचं कडं तयार होतं. ओरखडे एकाच दिशेने समांतर असतील तर कोणीतरी पॉलिश पेपरवर घासून ‘वय’ दिलेलं असू शकतं. मधोमध घासून गुळगुळीत केलेला खळगा असेल, तर फुंकलेली काच काठाला काम करताना धरून ठेवणारी लोखंडी सळई तिथून तोडली असावी.

वजन आणि नाद यांची मदत थोडीच. शिशाची काच जड असते, काठावर नखाने हलकी टिचकी मारली की लांबवर घुमते. पण अरुंद गळ्याची बाटली चांगल्या काचेची असूनही घुमत नाही. अतिनील टॉर्चखाली हिरवी चमक आली तर युरेनियम असण्याची शक्यता मोठी, पण तशी काच आजही बनते, म्हणून वयाचा पुरावा नाही. आणि जुनं म्हणजे विलायतीच असंही नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीत प्रभाकर कंदील बनत, तिथला काच कारखाना आपलाच.

आता सही

अंधुक सहीवर तोंडाची वाफ सोडा, नाहीतर चिमूटभर टाल्कम पावडर चोळून पुसा, अक्षरं उमटतात. गाले १९०४ मध्ये वारल्यावर पुढची काही वर्षं नावाआधी चांदणी कोरली जाई. नावाजवळ रोमन लिपीत ‘टिप’ दिसलं तर ती गालेच्या धर्तीवरची रुमानियन नक्कल. ही तीन अक्षरं घासून काढलेलीही सापडतात, म्हणून नावाभोवतालच्या पृष्ठभागावर बोट फिरवून खोलगट भाग जाणवतो का बघा. लालिक या फ्रेंच काचकाराच्या नावाच्या वस्तूवर ‘आर. लालिक’ असेल तर ती साधारणपणे रने लालिक १९४५ मध्ये वारण्याआधीची, मात्र ‘आर’ मागाहून कोरणारेही आहेत. नक्षीची पद्धत आणि सही जुळत नसतील तर विश्वास नक्षीवर ठेवा.

उंची, व्यास, वजन आणि तळाचे फोटो वहीत नोंदवून ठेवा. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक फेरी मारा, टाटा कुटुंबाच्या संग्रहातून आलेल्या युरोपीय कलावस्तू तिथे आहेत. लिलावगृहांच्या जुन्या याद्यांतले फोटोही शेजारी ठेवून बघता येतात. वस्तू शंभर वर्षांहून जुनी निघाली आणि परदेशातल्या मुलीकडे पाठवायचा विचार असेल, तर खोक्यात भरण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. १९७२ च्या कायद्याने अशा पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधन आहे.