पेंटियम लॅपटॉपवर नेटबीएसडी: माझा अनुभव

लॅपटॉप 1997 सालचा, पेंटियम एमएमएक्स, 64 एमबी रॅम. बायोस (मशीन चालू करताच चालणारा मूळ प्रोग्राम) ना सीडीवरून बूट होऊ देतं, ना यूएसबीवरून. बहुतेक लिनक्स डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांनी) अशा जुन्या 32-बिट प्रोसेसरांची साथ सोडलीय. नेटबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम मात्र अजूनही पेंटियमच्या आधीचा 486 प्रोसेसरही सांभाळते, त्या मंडळींचं कौतुक करावं तेवढं थोडं.

हार्डडिस्कच्या जागी 44 पिनांच्या अ‍ॅडॅप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवायचं ठरवलं. आधी ते डेस्कटॉपला जोडून क्यूईएमयू या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्येच इन्स्टॉलेशन उरकलं. लॅपटॉपमध्ये घातल्यावर मात्र नुसता कर्सर लुकलुकत राहिला. डिस्कवरची जागा ठरवणारे सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे क्यूईएमयूचे वेगळे आणि या बायोसचे वेगळे, म्हणून बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, भलत्याच जागी शोधत होता. बायोस सेटअपमधले आकडे कागदावर उतरवून घेतले, पुन्हा इन्स्टॉल करताना डिस्कच्या भूमितीच्या प्रश्नाला तेच हातानं भरले आणि रूट पार्टिशन (सिस्टिम असलेला डिस्कचा मुख्य भाग) पहिल्या 1024 सिलिंडरांच्या आत ठेवलं. मग कर्नलच्या हिरव्या ओळी सरसर सरकू लागल्या!

पहिल्या बूटला एसएसएचच्या (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीच्या) किल्ल्या बनवताना मशीन बराच वेळ गप्प बसतं. हँग झालं समजून बटण दाबू नका, थांबा. ग्राफिक्सच्या नादी मी लागलो नाही. व्हीआय हा टेक्स्ट एडिटर आणि एसएसएच झकास चालतात.