भेगाळलेल्या जमिनीत टीडीआर मापकाच्या आकड्यावर पाणी देऊ नये

पाऊस थांबून ऊन तापू लागले की भारी जमीन आकसते, आणि नेमके याच दिवसांत परावर्तित स्पंदावर चालणारे टीडीआर ओलावामापक सर्वांत जास्त फसवते. यंत्र बिघडलेले नसते. जमिनीत रोवलेल्या त्याच्या धातूच्या सळईला धरून असलेली माती सुटलेली असते. म्हणून आजच प्रत्येक सळईच्या तोंडाशी वाकून पाहावे आणि गवताची काडी आत जाईल एवढी फट दिसली, तरी त्या जागेचा आकडा बाद करावा.

हे मापक सळयांमधून विद्युत स्पंद सोडते आणि टोकावरून परतायला त्याला लागलेला वेळ मोजते. पाण्याचा पारवैद्युतांक (स्पंद किती मंदावेल हे ठरवणारा अंक) सुमारे 80, कोरड्या मातीच्या कणांचा 3 ते 5 आणि हवेचा 1 असल्याने ओल जितकी जास्त, तितका स्पंद उशिरा परततो. 20 सेंमी सळईत ही फेरी 4 नॅनोसेकंदांत झाली, तर आकारमानाने सुमारे 17 टक्के ओलावा धरला जातो आणि 6.7 नॅनोसेकंद लागले तर 40 टक्के. सळईलगत हवेचा पातळ थर आला की स्पंद लवकर परततो आणि ओली जमीनही कोरडी ठरते. मग शेतकरी पाण्यावर पाणी देतो, वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताने असण्याची स्थिती) मोडतो, मुळे कुजतात, आणि पिवळी पडलेली पाने पाहून तो वर खतही टाकतो. पाण्याअभावी नव्हे, तर पाण्यानेच बसलेली अशी पिके मी पाहिली आहेत. उलट, फटीत पाणी साचले की आकडा एकदम फुगतो. तोही खरा नसतो.

नेहमीची कामे:
- सळया वाफशावर, नव्या जागी, न हलवता सरळ व समांतर रोवणे.
- फट सैल मातीने न बुजवणे.
- खारवट जमिनीत आखूड सळया वापरणे, कारण तेथे परतणारा स्पंद क्षीण होतो.

विक्रेता भारी जमिनीसाठी खास, महागडी सळई सुचवेल. ती घेण्याआधी त्याच खोलीची माती 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवून घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागावे, आलेला अंक मातीच्या स्थूल घनतेने (जमिनीतल्या एक घन सेंमी मातीचे कोरडे वजन, ग्रॅममध्ये) गुणावा आणि मापकाशी ताडून पाहावा. भट्टी नसेल, तर 15 सेंमी खोलीवरची माती मुठीत दाबावी. तिचा गोळा टिकत असताना मापक कोरडे दाखवीत असेल, तर माझ्या अनुभवाने मुठीवर विश्वास ठेवावा आणि त्या दिवशीचे पाणी थांबवावे.