मृगाच्या आत गाडीचा गंज: काय जमवायचं, काय तपासायचं

जुनी मारुती आठशे किंवा ओम्नी रोजच्या वापरात असेल आणि गंज घरीच काढायचा असेल, तर आधी दिवस ठरवा, सामान मग आणा. मृग लागतो ७-८ जूनला. तोवर रंग नुसता वाळून भागत नाही, पक्का कडक झालेला पाहिजे. होळीनंतरचा मार्च आणि एप्रिलचे सुरुवातीचे दिवस सगळ्यात बरे. चणा-गहू घरात आलेला असतो, हवा कोरडी असते आणि सकाळी दहापर्यंत पत्र्याला हात लावता येतो. मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत स्प्रेचा रंग पत्र्यावर नीट पसरायच्या आधीच सुकतो आणि खरखरीत बसतो. वावटळीची धूळ वेगळीच. पावसाळ्यात तर नावच काढू नका. दमट हवेत घासून उघडा केलेला पत्रा एका रात्रीत पुन्हा तांबडा होतो.

आपल्याकडे समुद्र नाही, खारा वारा नाही, तरी गाड्या सडतात. त्या खालून आणि आतून सडतात. काळी माती मडगार्डच्या आतल्या कडेला थापली गेली की वरून वाळलेली दिसते, आत मात्र ओल धरून बसते. त्यात मागे खताची पोती. पोटॅश हा मिठाच्याच जातीचा क्षार. सांडलेले दाणे मॅटखाली हवेतली ओल ओढतात अन् फ्लोअरचा पत्रा खातात. म्हणून रंगाच्या दुकानाआधी वॉशिंग सेंटर गाठा. गाडी खालून प्रेशरने धुऊन घ्या, घरी सीट आणि मॅट काढा, दारं उघडी टाकून दोन दिवस कडक उन्हात वाळवा.

धुण्याआधी दारांकडे बघा. त्यासाठी सायकलचा जुना स्पोक जवळ ठेवा. दाराच्या अगदी खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात. त्यात स्पोक घालून फिरवा. काचेच्या फटीतून आत पडलेलं सोयाबीनचं कुटार आणि धूळ यांचा काळा लगदा बाहेर येतो, कधीकधी मूठभर. तो लगदा आत ठेवून वरून कितीही भारी रंग मारा, दाराची कड पुन्हा फुगणारच. दारांखालच्या पट्टीलाही अशीच भोकं असतात, तीही मोकळी करा. माझं मत विचाराल तर निम्मं काम इथेच होतं, आणि याला दमडी लागत नाही.

मग पेचकस आणि एक लोहचुंबक घ्या. जिथे रंग फुगलाय तिथे पेचकसाच्या मुठीने ठोका, टोकाने दाबून बघा. पत्रा टणक असेल तर गंज वरवरचा. टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेलाच नाही. लोहचुंबक चिकटत नसेल तर आधीच्या मालकाने जाड पुट्टी भरलेली आहे, तिच्या आत काय असेल याची खात्री नाही. वही काढून जागा लिहून ठेवा: बॅटरीचा ट्रे, स्टेपनीचा खड्डा, पुढच्या काचेच्या रबराची कड, जॅक लावायची जागा. बॅटरीखाली अॅसिड सांडलेलं असतं, तिथे आधी खायच्या सोड्याचं पाणी टाका. फेस थांबेपर्यंत टाकत राहा.

चेसिस, सस्पेन्शनचे माउंट, सीटबेल्ट जिथे बोल्ट होतो ती जागा, ब्रेकचे पाइप यांना भोक किंवा खोल गंज दिसला तर ही यादी तिथेच बाजूला ठेवा. पुट्टीने हे झाकणारा माणूस स्वतःलाच फसवतो. शिवाय १५ वर्षं झाली की नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, त्या वेळी गाडी तपासतात. हे काम वेल्डरचं, पण ट्रॉल्या जोडणाऱ्याचं नाही. गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, ट्रॉलीचा जाड रॉड लावला की भोक बुजायच्या ऐवजी मोठं होतं. तालुक्याला सीओटू वेल्डिंगवाला, म्हणजे रॉडऐवजी बारीक तारेने पातळ पत्रा जोडणारा, शोधा. त्याच्याकडे जाताना बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा अन् पेट्रोलचा पाइप कुठून जातो ते आधी दाखवा.

सामान फार नाही: तारेचा ब्रश, ८० नंबरपासून ४०० पर्यंत पॉलिश पेपर, थिनर, सुती चिंध्या, रस्ट कन्व्हर्टरची (उरलेला गंज पक्क्या थरात बदलणाऱ्या औषधाची) बाटली, प्रायमर, हार्डनरसकट (पुट्टी घट्ट करणारी पेस्ट) पुट्टी, मास्किंग टेप, जुने पेपर. ग्राइंडर फॅब्रिकेशनवाल्याकडून दिवसभरासाठी मागा, पण लाइन कधी राहते ते विचारूनच. चष्मा आणि मास्क मात्र स्वतःचा घ्या. ग्राइंडरला लावलेल्या ब्रशाच्या तारा सुटून उडतात. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, लाकडी ठोकळे लावा.

कन्व्हर्टर घ्यायच्या आधी बाटलीवर वाचा. काहींत फॉस्फोरिक अॅसिड असतं, काहींत टॅनिन, म्हणजे हिरड्यात असतं तेच. टॅनिनवाला गंजाला धरून निळसर काळा पडतो. दोन्ही चालतात, पण सुटे पापुद्रे घासून काढल्यावरच. पापुद्र्यावर ओतलं तर खालचा गंज तसाच.

रंगासाठी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून दुकानात न्या, दुकानदार रंग पाहून मिसळून देतो. बॉनेटवरचा रंग उन्हाने उतरलेला असतो, तो नमुना नको.

पुट्टीत हार्डनर शंभराला दोन एवढाच, आणि आपल्या उन्हात एकदम गोळाभर कालवू नका, सुरी फिरवेस्तोवर घट्ट होते. थर पातळ लावा. भोकावर नुसती पुट्टी चालत नाही. दारासारख्या जागी मागून जस्ती पत्र्याचा तुकडा रिव्हेटने बसवा, मग पुट्टी. घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर मारायचाच, म्हणून सकाळी तेवढीच जागा घासा जेवढी संध्याकाळपर्यंत झाकता येईल. रेड ऑक्साइडचा तांबडा प्रायमर मारून गाडी तशीच फिरवणारे खूप आहेत. प्रायमर पाणी पितो, वर रंग हवाच.

खालून जळकं ऑइल फासायचा सल्ला कोणीतरी देईलच. ते धूळ धरतं, रबराचे बुश खराब करतं. रबरी अंडरकोटिंगही गंजावर मारू नका, ओल आत कोंडते. त्याऐवजी दाराच्या आणि पट्टीच्या आत बाटलीने पातळ वॅक्स सोडा, भोकं बुजणार नाहीत एवढं बघून. मॅट आठवडाभर घालू नका. पहिला जोराचा पाऊस झाला की फ्लोअरवर हात फिरवा. ओल लागली तर पाणी पुढच्या काचेच्या रबरातून किंवा दाराच्या रबरातून येतंय, ते रबर बदलायला टाका.