सी कोडमधली ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ वॉर्निंग कशी घालवावी

जुना सी कोड नव्या मशीनवर बिल्ड करायला घेतला, की ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’चा पाऊस पडतो. म्हणजे फंक्शन बोलावलंय, पण ते काय घेतं नि काय परत देतं हे सांगणारी ओळ, म्हणजेच डिक्लरेशन, कंपायलरला दिसलेली नाही. पूर्वी ही नुसती वॉर्निंग होती, त्यामुळे लोक खुशाल कानाडोळा करायचे. २०२३ च्या क्लँग १६ आणि २०२४ च्या जीसीसी १४ या कंपायलरांनी तिला थेट एरर केलं आणि बिल्डच अडू लागला.

मूळ भानगड सी८९ मधली, म्हणजे सी भाषेच्या १९८९ च्या स्टँडर्डमधली. डिक्लरेशन नसलेलं फंक्शन बोलावलं, तर ते इंट (पूर्णांक) परत करतं असं कंपायलरने गृहीत धरायचं. पुढच्या सी९९ स्टँडर्डने ही मुभा काढून घेतली, पण कंपायलर पुढे वीसेक वर्षं ती देतच राहिले.

यात बिघडतं काय? स्ट्रिंगची प्रत बनवणारं स्ट्रडप घ्या. ते पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता देतं. ६४ बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा, इंट मात्र ४ बाइटचा. डिक्लरेशन दिसलं नाही तर कंपायलर पत्त्याचा खालचा अर्धा भागच उचलतो, वरचा जातो. गंमत म्हणजे जुन्या, पाय (कुठल्याही पत्त्यावर लोड होऊ शकणाऱ्या) पद्धतीने न बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये हीप, म्हणजे चालू असताना मागून घेतलेली मेमरी, खालच्या पत्त्यांवर असायचा, म्हणून छोट्या स्ट्रिंगचं काम बिनबोभाट चालायचं. मोठी मेमरी मागितली की मेमरी देणारं मॅलॉक ती एममॅप या सिस्टीम कॉलने वरच्या पत्त्यावरून आणतं, आणि तिथे सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम कोसळतो! ‘इतकी वर्षं चालत होतं की’ असं म्हणणाऱ्याला हे सांगा.

आता कामाला लागू. आधी बिल्डचं सगळं आउटपुट एका फाइलमध्ये घ्या आणि फंक्शनांची नावं वेगळी काढा. शेकडो ओळींतून नावं बहुधा मोजकीच निघतात. प्रत्येक नावाचं मॅन पेज (‘मॅन’ कमांडने दिसणारं माहितीपान) उघडा. वरच्या ‘सिनॉप्सिस’ भागात कोणता हेडर (डिक्लरेशनं असलेली .एच फाइल) हवा ते दिलेलं असतं.

हेडरच राहिला असेल तर तो घाला, विषय संपला. रीड, क्लोज, गेटपिड यांना युनिएसटीडी.एच लागतो. स्ट्रकेसकम्प मात्र ‘स्ट्रिंग्ज.एच’मध्ये आहे, त्यातल्या शेवटच्या ‘एस’वर नजर ठेवा. फंक्शन तुमचंच असेल तर डिक्लरेशन हेडरमध्ये टाका आणि तो हेडर बोलावणाऱ्या फाइलमध्ये तर घ्याच, पण जिथे फंक्शन लिहिलंय तिथेही घ्या, म्हणजे दोन्हींत तफावत पडली तर कंपायलरच पकडेल. एकाच फाइलपुरतं असेल तर स्टॅटिक करून वर सरकवा.

खरी डोकेदुखी पुढे आहे. हेडर आहे, तरी वॉर्निंग येतेच. अशा वेळी मेकफाइल, म्हणजे कंपायलरला पर्याय देणारी बिल्डची फाइल बघा. तिथे स्टँडर्ड म्हणून ‘सी९९’ दिलं असेल, तर जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) कडक सोवळं पाळते आणि स्ट्रडपसारखी पॉसिक्स या युनिक्स स्टँडर्डमधली फंक्शनं हेडरमध्ये असूनही लपवते. एक तर स्टँडर्ड ‘जीएनयू९९’ करा, नाहीतर ‘_पॉसिक्स_सी_सोर्स’ हा मॅक्रो २००८०९एल या किमतीने डिफाइन करा (कोडमध्ये अर्थात रोमन कॅपिटल). पोर्टेबल कोडसाठी मी दुसरा मार्ग धरतो. मॅक्रोची ही ओळ फाइलमधल्या पहिल्या इन्क्लुडच्याही वर हवी. खाली लिहिली तर काही उपयोग नाही. एस्प्रिंटएफसाठी ‘_जीएनयू_सोर्स’ लागतो. कोणत्या फंक्शनला कोणता मॅक्रो, हेही मॅन पेजवर सिनॉप्सिसखालीच असतं.

कधी फंक्शन त्या सिस्टीमवर नसतंच. स्ट्रिंग कॉपी करणारं स्ट्रएलसीपीवाय बीएसडी (युनिक्सचा एक परिवार) आणि मॅकवर पूर्वीपासून आहे, जीलिबसीत ते २०२३ च्या २.३८ मध्ये आलं. ते आहे की नाही हे कॉन्फिगरमध्ये, म्हणजे बिल्डआधी सिस्टीम तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तपासा आणि नसेल तिथे आपलं छोटं रूप पुरवा. पण कॉन्फिगरच्या जुन्या चाचण्याही डिक्लरेशनशिवाय फंक्शनं बोलावतात. नव्या कंपायलरवर त्या गुपचूप नापास होतात आणि असलेली सोय ‘नाही’ म्हणून नोंदवली जाते. या चाचण्यांची नोंद असलेली कॉन्फिग.लॉग फाइल एकदा चाळाच.

पॉइंटरवर कास्ट (प्रकार बदलायची खूण) ठोकून वॉर्निंग झाकू नका. पत्ता तोवर कापला गेलेला असतो. सिस्टीमच्या फंक्शनचं डिक्लरेशन हाताने लिहिणंही टाळा, कारण दुसऱ्या सिस्टीमवर ते मॅक्रो असू शकतं.

शेवटी एकदा अल्पाइन लिनक्सवर बिल्ड करून बघा. तिथे जीलिबसीऐवजी मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे. एका हेडरने परस्पर दुसरा ओढून आणल्यामुळे तुमच्याकडे जे निभावून गेलं होतं, ते तिथे बरेचदा उघडं पडतं.